दोन्काचं पिंप

“स्तोइल आजोबा, रक्तदाब वर्षानुवर्षं अंगावर काढलात!” डॉक्टरीणबाई रागावल्या. “त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाची भिंत जाड झालीय.” “डोकं ठणकलं की कोबीचं खारं पाणी पितो ना! आमच्या दोन्काचं औषध.” “औषध नव्हे, वैरी! मीठ बंद, गोळ्या सुरू.” शेजारणीने घरी आणलं, तसा स्तोइल तळघरात उतरला. बायकोने, दोन्काने, मरण्याआधी भरलेलं, मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कोबीचं शेवटचं पिंप तिथे होतं. खालच्या तोटीतून पाणी काढून पुन्हा वरून ओतायचं, नाहीतर कोबी नासतो. त्याने पेला भरला, ओठांशी नेला आणि पिंपातच रिता केला. मग बादली भरून, धापा टाकत स्टुलावर चढला. “आता खाणार कोण ते?” मागून आलेली शेजारीण म्हणाली. “नासू तरी नये.” “अहो, खाली तोटी वाहतेय!” बादली तशीच धरून तो म्हणाला, “तोटी दोन्का बंद करायची.”