सातवे मिनिट

परळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टरांच्या प्रशिक्षणाचा व्हिडिओ दोनशे बारा जणांनी पाहिला आणि प्रत्येकाने तो सातव्या मिनिटाला थांबवून पुन्हा मागे नेला.

त्या मिनिटाला विभागप्रमुख हितेंद्र राऊत बोलत होते आणि मागे त्यांच्या संगणकाचा पडदा दिसत होता. त्यावर टेस्टर दिशा तांडेलने मार्चमध्ये नोंदवलेला दोष होता आणि खाली राऊतांचा शेरा: 'दोष नाही. बंद.' पुढे त्याच दोषामुळे ग्राहकाची यंत्रणा कोसळली, तेव्हा 'हिच्या नजरेतून सुटला' असे सांगून राऊतांनी दिशाला टेस्टिंगमधून काढले आणि व्हिडिओंच्या संकलनाला बसवले. संकलन करताना तिने तो पडदा मोठा केला आणि वर प्रश्न टाकला: 'यातली चूक शोधा.'

"हे तू मुद्दाम ठेवलंस?" राऊतांनी विचारले.

"हो, सर. तीनदा तुमच्याकडे तपासायला पाठवलं. तिन्ही वेळा 'ओके गं, टाक' म्हणालात."

"मला सांगायचंस तरी."

"मार्चमध्येही सांगितलं होतं, सर."



कंपनीच्या चौकशीत दोन्ही चुकांचे कारण एकच निघाले: राऊतांनी व्हिडिओ न उघडता मंजूर केला होता आणि मार्चमधली नोंद न उघडता बंद केली होती.