वेगळा वाडगा

लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदाच चीनमधल्या ग्वांगचौला, होणाऱ्या सासरी जेवायला गेले. शरदातली कोरडी हवा होती, माझा घसा खवखवत होता. दारातच सासूबाई म्हणाल्या, "जीभ दाखव." मी दाखवली. ती नीट बघून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

जेवताना सगळ्यांना आलं घातलेलं कोंबडीचं सूप मिळालं आणि मला एकटीला खडीसाखर घालून शिजवलेली नासपती. "तुला कोंबडी नको," एवढंच त्या म्हणाल्या.

भांडी विसळताना मोठ्या जाऊबाई, वानयी, म्हणाल्या, "तोंड का पाडलंस गं?"

"मी परकी, म्हणूनच ना वेगळं?" घशाची खवखव थांबली होती, ते मात्र मी सांगितलं नाही.

"परक्यांना त्या सगळ्यांसाठी केलेलंच सूप वाढतात," वानयी म्हणाल्या. "जीभ बघून तब्येतीप्रमाणे शिजवतात ते घरच्यांसाठीच. माझी जीभ बघायला त्यांनी तीन वर्षं लावली."