बुटकी बेसिनं

बहारीनमधल्या अमवाजच्या आमच्या घरी मुलगी निधी आणि जावई जेवायला आले होते आणि आमचे हे ताटावर बसूनच मोबाइलमधले फोटो दाखवत सुटले. हे नोकरी करतात त्या मनामातल्या गुंतवणूक फंडाने जपानमधल्या बंद पडलेल्या बालवाड्या विकत घेतल्या होत्या. तिथे आता पोरंच नाहीत, म्हणून त्यांचे वृद्धाश्रम करायचे.

"बेसिनंसुद्धा बदलायला नकोत! पोरांसाठी बुटकी बसवलेली, ती व्हीलचेअरला बरोब्बर होतात. आणि दारांवरची ही सशाची, हत्तीची चित्रंही तशीच ठेवायची. म्हाताऱ्यांना स्वतःचं नाव आठवत नाही, पण आपली खोली सशाची एवढं कळतं. खर्च मफी, एकदम शून्य!" हे मांडीवर थाप मारून हसले. "तिथले पाळणे असेच रिकामे राहू देत. आमचा बोनस पक्का."

मला ताटातला हामूर मासा बघवेना. हे मात्र काटे चोखत होते.

हात धुऊन आल्यावर यांनी निधीकडे मोर्चा वळवला. "लग्नाला चार वर्षं झाली. आता जरा मनावर घ्या. मूल नको म्हणे! उद्या म्हातारपणी आमचं कोण करणार?"

निधी इथेच वाढलेली. आम्ही मराठीत काहीही विचारलं तरी तिचं उत्तर इंग्रजीत येतं. आज तिने यांचा मोबाइल उचलला, तो दारांचा फोटो यांच्यासमोर धरला आणि स्वच्छ मराठीत विचारलं,

"बाबा, तुम्हाला ससा हवा की हत्ती?"