बाहेरून जोडलेला डबा

पडद्यावर संचालकसाहेब पुन्हा थिजले. हात वर, तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला. संग्रहालयाच्या फोटोग्राफरने माउस हलवून पाहिला, एकदा टेबलावर आपटूनही पाहिला. साहेब काही हलेनात.

प्रत्यक्षातही हे असेच आहेत, उपसंचालिकाबाई मनात म्हणाल्या.

त्यांचंही चुकत नव्हतं. साहेबांची मुदत संपत आली होती. पण निरोपसमारंभात आपल्या कारकिर्दीवरची फिल्म दाखवायची, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. फिल्म काही तयार होईना, म्हणून समारंभ दोनदा पुढे गेला. मुदत संपली. निरोपच झाला नाही तर जायचं कसं, असं म्हणत साहेब रोज वेळेवर येऊन खुर्चीत बसत राहिले. त्यांच्यानंतर ती खुर्ची बाईंची, हे विश्वस्तांनी तोंडी कबूल केलं होतं. संचालकाची एक मुदत तीन वर्षांची, आणि बाईंच्या नोकरीची उरलेली वर्षंही जेमतेम तेवढीच. पडद्यावर साहेब थिजले की इकडे बाईंचा जीव खालीवर व्हायचा.

शेवटी त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. कॉम्प्युटर ऑल-इन-वन, म्हणजे पडद्याच्याच पाठीत सगळा संसार. टेबलाला शोभतो म्हणून साहेबांनीच तो पसंत केला होता. दुरुस्तीवाल्याने काच अलगद उचलली, आत बॅटरी मारली आणि मान हलवली.

"मॅडम, ग्राफिक्स वाढवायचं म्हणता, पण कुठे वाढवू? इथे सगळं कायमचं चिकटवलेलं आहे. जुनं निघत नाही, आणि नव्याला जागा नाही."

हे दुखणं बाईंच्या चांगल्याच ओळखीचं होतं. मग त्यानेच उपाय सांगितला. मागून एक केबल काढायची, टेबलाखाली डबा ठेवायचा, डब्यात चलचित्रं न अडखळता पळवणारं दमदार ग्राफिक्स कार्ड बसवायचं. राबणार डबा, दिसणार पडदा.

खरेदीचा कागद सहीला नेला तेव्हा साहेबांनी पेनाला टोपण लावलं. माझ्या निरोपावर संस्थेचा पैसा नको, होईल फिल्म सावकाश, मला काही घाई नाही, असं ते अगदी निर्मळ मनाने म्हणाले. घाई बाईंना होती. संचालकांच्या खोलीला नवे पडदे आणि पाठीला आधार देणारी एक खुर्ची घ्यायची, म्हणून त्यांनी थोडे पैसे बाजूला टाकले होते. साहेब जेवायला गेले असताना खिडकीचं मापही घेऊन झालं होतं. ते सगळे पैसे डब्यात गेले.

डबा जोडला, त्याचा पंखा घरघरला आणि साहेबांचं तोंड मिटलं. हातही खाली आला. फोटोग्राफरने आनंदाने खुर्ची गरकन फिरवली.

आता निराळीच पंचाईत झाली. फिल्म पळायला लागली तशी ती किती रिकामी आहे, हे दिसायला लागलं. साहेब फीत कापताहेत. साहेब दुसरी फीत कापताहेत. साहेब पेंढा भरलेल्या अस्वलाशेजारी उभे आहेत. एवढ्यावर अर्धा तास भरायचा कसा? घरी बाईंनी नवऱ्यासमोर रडगाणं गायलं. नवऱ्याने नोकरीत निरोपाची पुष्कळ भाषणं ऐकली होती.

"निरोपातलं खोटं मनाला लावून घ्यायचं नसतं," तो म्हणाला. "माणूस जातोय ना? मग चढव की हरभऱ्याच्या झाडावर."

बाईंनी चढवलं. नाण्यांचं दालन त्यांनी गळत्या छताखाली बादल्या लावून उभं केलं होतं, ते साहेबांच्या नावावर गेलं. आंधळ्या माणसांना हात लावून पाहता येतील अशा मूर्ती, पुराच्या पाण्यातून वाचवलेली हस्तलिखितं, सगळं बाईंचं आणि सगळं साहेबांना बहाल. हस्तलिखितांचे ओले गठ्ठे बाईंबरोबर डोक्यावरून वाहून आणणारा फोटोग्राफर त्यांच्याकडे बघतच राहिला. बाई म्हणाल्या, असू दे, एकदाचे जाऊ देत. आणि डबा सांगाल ते निमूट करत होता, मग हात आखडता कशाला घ्यायचा? त्यांनी साहेबांच्या सुरकुत्या पुसायला लावल्या. टकलावर सोनेरी ऊन पाडायला लावलं. शेवटी साहेब लांब व्हरांड्यातून पाठमोरे, संथ पावलांनी दूर दूर जातात. ते दृश्य बाईंनी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. त्यांना फार बरं वाटलं.

समारंभाला सभागृह भरलं होतं. अर्धा तास कुणी खोकलंसुद्धा नाही. पाठमोरे साहेब व्हरांड्याच्या टोकाला दिसेनासे झाले, दिवे लागले, तेव्हा विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षा रुमालाने डोळे टिपत होत्या. एकदाचं गंगेत घोडं न्हालं, म्हणून बाईंनी खिडकीच्या पडद्यांसाठी पर्समध्ये जपून ठेवलेल्या नमुन्याच्या कापडावरून बोट फिरवलं.

अध्यक्षा माईकपाशी गेल्या. "एवढं काम केलेल्या माणसाला निरोप द्यायचा तरी कुठल्या तोंडाने?" त्यांनी विचारलं. विश्वस्तांनी बसल्या जागीच माना डोलावल्या आणि साहेबांना आणखी एक मुदत मिळाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनीही टाळ्या वाजवल्या, कारण पहिल्या रांगेतल्या माणसाला दुसरं काही करता येत नाही. साहेब जातील त्याच्या आधीच आता त्या घरी बसणार होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेब मंचावरून उतरले ते थेट बाईंकडे आले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पाणी अगदी खरं होतं. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"खरं सांगतो मॅडम," ते म्हणाले, "फिल्म बघेपर्यंत मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, मी एवढं सगळं केलंय."