काळ्या पट्टीवर

शाळेतला रोबोटिक्सचा वर्ग बंद करून तिथे स्वतःची केबिन थाटायला संस्थेचे अध्यक्षसाहेब आले होते. त्यांना सर्किटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मत प्रत्येक गोष्टीवर होतं. “हे खेळणं करतं तरी काय?” त्यांनी नाक मुरडलं. बाईंनी ओठांवरची शिवी गिळून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीला खूण केली. तिनं बटण दाबलं. फरशीवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीवरून रोबो तुरुतुरु निघाला. साहेब नेमके पट्टीवरच पाय रोवून उभे होते. त्यांच्या चकचकीत बुटांपुढे वीतभरावर तो निमूट थांबला. साहेबांचा चेहरा खुलला. “बघा, यंत्रसुद्धा मोठा माणूस ओळखतं. राहू दे हा वर्ग.” सोबतच्यांनी टाळ्या पिटल्या. मुलगी बाईंच्या कानाशी लागली. “बाई, वाटेत अडथळा दिसला की थांबायचं, एवढंच शिकवलंय त्याला. सांगू त्यांना?” “कशाला?” बाई पुटपुटल्या. “त्यानं बरोबर ओळखलंय.”