रंभाबाईंनी वरून पाहिलेलं

"पाटावर बस वं, दीपमाला," रंभाबाई म्हणाल्या. "तुही ओटी भरायची आहे मले."

छातीशी उशी दाबून त्या सोफ्यावर बसल्या होत्या. हृदय पुन्हा सुरू करताना दाबलेल्या बरगड्या अजून ठणकत होत्या. दवाखान्यातून सुटून धरमपेठेतल्या घरी आल्यापासून भेटायला येणाऱ्यांची रीघ होती, आणि प्रत्येकाला त्या तेच सांगत. आज कौसल्यामावशींची पाळी होती.

"मी वरून पाहून राहिली होती. छताजवळून. खाली माहं अंग पडलेलं. अन् हे माही सून डॉक्टरच्या पाया पडून राहिली होती. सोडू नका म्हणे माह्या सासूले."

"मी मौद्याहून निघालो होतो, रस्त्यातच होतो," दाराशी उभा असलेला दुर्गेश म्हणाला. "ही एकटी होती तिथं."

त्याने बायकोकडे पाहिलं. असं त्याने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

रीनाला राहवलं नाही. "वहिनी, तुम्ही तर कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवता. आता सांगा, आईचा आत्मा वर गेला होता, का डोक्यात केमिकल चढलं होतं?"

सगळे हसले. दीपमाला वर्गात बोलते तसं बोलू लागली. "ऑक्सिजन कमी पडला की मेंदूत बरीच रसायनं एकदम सुटतात. आपलं शरीर कुठे आहे, याचा अंदाज चुकतो. तरंगल्यासारखं वाटतं. खरं तर दिसत काही नाही. पण कान बहुधा शेवटपर्यंत जागे असतात. जे ऐकू येतं, त्याचीच मेंदू..."

ती थांबली.

"त्याचीच काय?" रीनाने विचारलं.

"काही नाही."

ती कोणाच्या पाया पडली नव्हती. घाम पुसत डॉक्टरांनी विचारलं होतं, "थांबायचं का?" इतका वेळ रक्त न मिळालेल्या मेंदूचं काय होतं, हे तिला ठाऊक होतं. "थांबा," ती म्हणाली होती. स्पष्ट आवाजात. त्या शब्दात ज्ञानाखेरीज आणखी काय मिसळलं होतं, ते तिने तपासून पाहिलं नव्हतं. हात काढण्याआधी डॉक्टरांनी आणखी थोडा वेळ दाबून पाहिलं, इतकंच.

"सांग ना वं," रंभाबाई म्हणाल्या. "झालं होतं ना असंच?"

नाही म्हटलं असतं तर तिचं शास्त्र एका वाक्यात सिद्ध झालं असतं. दुर्गेश अजून तिच्याकडेच पाहत होता.

"हो, आई."

"घ्या!" रीनाने टाळी वाजवली. "सायन्स हरलं."

दीपमालाने ओढणी पुढे घेऊन पसरली. रंभाबाई उशी बाजूला ठेवून कण्हत पुढे झुकल्या. तांदळाची ओंजळ ओतताना चार दाणे खाली सांडले. रीना आतून नारळ आणायला गेली. मावशी दुर्गेशला कसलं तरी पथ्य सांगत होत्या.

"नीट धर," रंभाबाई म्हणाल्या, आणि कुंकू लावताना सुनेच्या कानाशी आल्या.

"तुहंच बरोबर आहे, पोरी. दिसत नाही काही. आयकूच येते."

रीनाने नारळ पुढे केला. रंभाबाईंनी तो कपाळाला लावला आणि सुनेच्या ओढणीत ठेवला.