कडू घास

दुपारी स्मशानातून परत येऊन महिपतीनं अंगावर पाणी घेतलं आणि तो खोलीत भिंतीला टेकून बसला, तो दिवेलागण झाली तरी उठला नव्हता. आबा सकाळपर्यंत ज्या कोपऱ्यात निजत होते, तिथं आता पिठावर पणती जळत होती आणि तिच्यावर दुरडी पालथी घातली होती. दुरडीच्या शेजारी आई बसली होती. आबांची घरघर लागली तेव्हापासून, म्हणजे काल दुपारपासून, तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.

"स्टो पेटवू का?" शालूबाईनं हळूच नवऱ्याला विचारलं. "आत्याबाईंना भोवळ यील आता."

"मयताच्या घरात चूल पेटवतीस?" महिपती म्हणाला. "यील कुनीतरी भाकरी घिऊन. गप बस."

आईनं मान हलवली. तिलाही तेच वाटत होतं. गावाकडं एव्हाना पाच घरची भाकर आणि पिठलं येऊन पडलं असतं. कडू घास म्हणतात त्याला. तो शेजाऱ्यानं द्यायचा आणि घरच्यांनी रडत का होईना, गिळायचा. पण गाव पवनेच्या पलीकडं डोंगरात. तार पोचून भावकी यायची म्हणजे उद्याची दुपार.

महिपती वाट बघत राहिला. बाहेर गॅलरीत पावलं वाजली की तो मान वर करी. पावलं पुढं निघून जात. कोणाच्या तरी खोलीत सुकट भाजत होती. पलीकडं ट्रान्झिस्टर लागला, मग कोणीतरी दटावल्यावर त्याचा आवाज बारीक झाला. पण बंद काही झाला नाही.

महिपतीची कानशिलं तापली. लोणावळ्यात त्याला सहा वर्षं झाली होती. तो रेल्वेत लागला तेव्हा इथं भाताची खाचरं होती. आता तिथं चार चाळी उभ्या होत्या आणि पाचवीचा पाया खणला होता. खोलीत बिजली, दाराशी नळ, हाकेच्या अंतरावर डॉक्टर. त्या डॉक्टरच्या जिवावरच आबा दोन वर्षं जास्त जगले, हे तो गावात ज्याला त्याला सांगत असे. आज सकाळीसुद्धा चाळीतली माणसं धावली होती. कोणी दाखला आणला, कोणी लाकडं, आणि खांदा द्यायला तर दहा जण पुढं झाले. गावात अर्धा दिवस गेला असता, ते काम इथं दोन तासांत उरकलं. उरकलं आणि सगळे आपापल्या खोलीत शिरून कडी लावून बसले.

"मेल्यांच्या घशाखाली उतरतंय कसं," तो पुटपुटला.

आई पणतीत तेल घालायला उठली आणि तिचा तोल गेला. शालूबाईनं तिला धरलं. महिपती ताडकन उठला आणि बाहेर पडला.

कोकणातल्या, नगरकडच्या बिऱ्हाडांची दारं ओलांडून तो थेट शेवटच्या खोलीपाशी गेला. त्या लोकांना काय कळणार? पण बहिरू कुरवंड्याच्या वरच्या वाडीतला आदिवासी ठाकर होता. मावळातला होता. सकाळी चिता रचली ती त्यानंच. त्याला कळत होतं.

महिपतीनं दारावर मूठ आपटली. बहिरूनं दार उघडलं.

"कळत न्हाई व्हय रं तुला?" महिपती म्हणाला. "माजी म्हातारी कालधरनं उपाशी हाय. तू मावळातला ना? का शहरात आलास आन् रीत इसरलास?"

बहिरूनं मागं बघितलं. त्याची बायको बाया चुलीपाशी होती. तिनं कोपऱ्यातली फडक्यानं झाकलेली टोपली उचलून उंबऱ्यावर आणून ठेवली. फडक्याखाली भाकरीची चवड होती आणि पिठल्याचं पातेलं. पिठल्यावर साय धरली होती.

"दुपारीच केल्यात," बाया म्हणाली. "ह्येच म्हनले, नगं निऊ."

"का?"

"तुमी घेतलं नसतं तर?" बहिरू म्हणाला. "मयताच्या दारातनं भाकर माघारी कशी आनायची, भाऊ?"

महिपती टोपलीकडं बघत राहिला. बहिरूचा आवाज मात्र आता चढला.

"शिमग्यात माजी आय गेली. तुमी आलात, खांदा दिलात, न्हाई म्हनत न्हाई. पर नदीवरनं आलात आन् दार लावून घेतलंत. शालूवैनी भाकरी थापत हुत्या, त्येचा आवाज यित हुता हितवर. बाया म्हनली, आता येत्याल. मी म्हनलं, यील यील. तीन दिस आमी तुमच्या दाराकडं बघत हुतो. रीत कुनी इसरली, भाऊ?"

महिपतीला ती संध्याकाळ आठवली. दोन भाकरी देऊन येऊ का, असं शालूबाईनं विचारलं होतं. आपण ठाकराच्या घरी कशाला, असं तो म्हणाला होता. आणि मग जेवायला बसला होता.

"न्यायची तर न्या," बहिरू म्हणाला आणि त्यानं पायानंच टोपली जराशी पुढं सरकवली. "पर कुनाच्या चुलीवरची हाय, ते म्हातारीला सांगून द्या. लपवून न्हाई द्यायची."

आजूबाजूची दोन-तीन दारं किलकिली झाली होती. महिपतीनं टोपली उचलली. तिचं ओझं काहीच नव्हतं, तरी गॅलरी संपता संपेना. खोलीच्या दाराशी तो थांबला.

आतून आईचा आवाज आला.

"आली का रं भाकर? कुनाच्या घरची हाय?"